नाताळचं पेपरमिंट

गिरगाव, मुंबई ४
रविवार, ३ जानेवारी १९६०

प्रिय आर्थर,

नवं वर्ष तुला सुखाचं जावो. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या आयचे गुडघे थंडीत धरतात, तरी चर्चमधली सकाळची मिस ती चुकवत नाही. मला सर्दी झाली होती, ती गेली. ऑगस्टनंतर तुझं पत्र आलेलं नाही. पण सेसिलियामावशीचा सेबॅस्टियन बोटीवरून लंडनला तुला भेटून आला आणि तू धडधाकट आहेस असं त्याने सांगितलं, तेव्हा प्रकृतीची काळजी उरलेली नाही.

वाडीत यंदा नुसता गोंगाट होता. द्वैभाषिक राज्य मोडायचं आणि मुंबई महाराष्ट्रातच राहायची असं दिल्लीत ठरलं म्हणतात. इराण्याच्या हॉटेलात माणसं एका चहावर तासभर बसून वाद घालतात की राजधानीचं नाव मुंबई लिहायचं की बॉम्बे. वाडीच्या तोंडाशी दरवर्षीसारखा तारा टांगला होता. पोरांनी त्याच्या पाचही टोकांवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ लिहून ठेवलं. फादर त्याच्याखालून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी वर बघितलं नाही. अक्षर मात्र अगदी गचाळ होतं. समितीच्या पाट्या तू रंगवायचास, त्याची सगळ्यांना आठवण झाली.

आणि यंदा नाताळच्या पेल्यांतलं पेपरमिंट मी केलं.

तुझा विश्वास बसणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आयने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं होतं, आठवतं? आपण दोघं बाहेर बाकावर बसलो होतो, दाराच्या फटीतून थंडगार वास येत होता, आणि तू म्हणाला होतास, “पुढल्या वर्षी घेईल ती तुला आत.” पुढल्या वर्षी तू विलायतेत होतास आणि दार लावलेलंच होतं. त्याच्या पुढल्या वर्षीही. बाकी तिने मला काही कमी केलं नाही. बाटलीमसाला कुटताना मुसळ माझ्या हातात दिलं, बोंबील कसे दाबायचे ते शिकवलं, कपाटाची किल्लीसुद्धा दिली. फक्त पेपरमिंट नाही. ते तिच्या सासूने तिला दिलं होतं आणि ती ते सुनेला देणार होती. मी सून नव्हते. पाहुण्यांना ती सांगायची, “ही आर्थरच्या हापिसातली.” मला हाक मारायची ती ‘पोरी’ म्हणून. रजिस्टरात सही केली म्हणजे लगीन होत नाय, हे तिचं वाक्य मला पाठ झालं होतं. माझ्या तोंडावरही ती ते म्हणायची, रागाने नव्हे, ‘आज मच्छी ताजी नाय’ म्हणावं तसं.

नाताळच्या आधीच्या बुधवारी मी रजा घेतली होती. दुपारी कंदिलाचे कागद चिकटवत बसले होते. आतून हाक आली, “उर्मिला.”

मी उठलेच नाही. मला वाटलं, शेजारी कोणी त्या नावाची आली असेल.

“उर्मिला, आत ये. हात धू, कोपरापर्यंत.”

“आय, मी?”

“मग कोन? पितरं येनार हायत काय हलवायला?”

तू ते पेपरमिंट लहानपणापासून प्यायला आहेस, पण होताना पाहिलेलं नाहीस. म्हणून सांगते. दूध मंद शेगडीवर निम्म्यावर येईपर्यंत आटवायचं, आणि तळाला लागू द्यायचं नाही, कारण तो वास मग कशानेच जात नाही. साखर घालून उतरवायचं आणि पाण्याच्या परातीत ठेवून पुरतं गार करायचं. गार म्हणजे आयच्या मते मनगटाला लावलं तर कळता कामा नये. मग केमिस्टाकडचा पेपरमिंटचा अर्क. त्याची बाटली माझ्या करंगळीएवढी. काडेपेटीतली एक काडी घ्यायची, गुल तोडून टाकायचा, टोक अर्कात बुडवायचं आणि दुधावर झटकायचं. “थेंब नाय,” आय म्हणाली, “थेंबाची नुसती आठवन.” जास्त झालं तर पोटदुखीचं औषध होतं. पेल्याच्या काठाला लावायला लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गोळ्या कुटून ठेवायच्या. आणि सगळ्यात शेवटी ब्रँडी.

ब्रँडी सेबॅस्टियनने आणली होती, नेहमीसारखी, बोटीवरच्या टॉवेलात गुंडाळून. दारूबंदी सगळ्या मुंबईला आहे, पण नाताळात आपल्या वाडीत कोणी कोणाच्या पेल्यात डोकावत नाही. तो त्याआधीच्या रविवारी येऊन गेला तेव्हा मी घरी नव्हते. डिलाईल रोडला ऑफिसातल्या मृणालिनीकडे गेले होते, तिच्या मुलीचं बारसं होतं. परत आले तर आय खिडकीत बसून होती आणि दिवा लावलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात.

बुधवारी मी दूध हलवत होते आणि मनात एकच होतं. तू येतोयस. आयला ते सेबॅस्टियनकडून कळलंय आणि तिला मला एकदम चकित करायचंय, म्हणून तर ती मला हे शिकवते आहे, तू आलास की मी तुला माझ्या हातचं द्यावं म्हणून. त्या अर्ध्या तासात मी किती सुखात होते ते तुला कळायला हवं, आर्थर. मी मनात तुझ्यासाठी पलंग सरकवून पाहिला. खिडकीचे पडदे बदलले.

शेवटी राहवलं नाही. “आय, आर्थर येतोय का?”

तिने बाटलीचं बूच काढलं. “हलवत ऱ्हा,” ती म्हणाली. “धार पडताना हात थांबला तर दूध फाटतं.”

तिने धार धरली, सुतासारखी बारीक. मी हलवत होते. ती दुधाकडेच बघत बोलली.

“सेबॅस्टियन त्याच्या घरी जाऊन आला.”

“खोलीवर ना? गोव्याच्या मुलांबरोबर राहतो तो.”

“घरी. त्यानं तिथं लगीन केलं, उर्मिला. जून म्हैन्यात. चर्चमधी. तिला दिवस हायत.”

माझा हात थांबला.

दूध फाटलं, पांढऱ्या गाठी वर तरंगायला लागल्या. आय रागावली नाही. तिने पातेलं माझ्यापुढून उचलून मोरीत ठेवलं आणि पाटावर बसली. ब्रँडीच्या बाटलीचं बूच लावायला तिच्याने होईना, म्हणून ती बाटली मांडीवर तशीच धरून बसली.

मग तिने राहिलेलं सांगितलं. सेबॅस्टियनने तुला विचारलं, उर्मिलाचं काय? तू म्हणालास, “रजिस्टरातलं लग्न हे लग्नच नव्हे. मी नाही, माझी आय म्हणते. तिलाच विचार.” सेबॅस्टियन साधा माणूस, तू सांगितलंस तसं त्याने येऊन तिला विचारलं.

“माजं बोलनं हाय ते,” आय म्हणाली. “पाद्रीला बोलले. सेसिलियाला बोलले. तुला बोलले. तीन वर्सं बोलत व्हते. त्यानं काय नवीन केलं? माजाच शब्द उचलला आनि…”

तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तुझे पप्पा गेले त्याच्या आठवणीच्या मिसलाही नाही. त्या दिवशीही ती रडली असं म्हणता येणार नाही. नुसती मान हलवत राहिली.

मी म्हटलं, “आय, परत दूध आणू का?”

“आन,” ती म्हणाली. “अर्धी बाटली उरली हाय.”

मी दूध घेऊन आले आणि आम्ही दुसऱ्यांदा केलं. पेपरमिंटच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं हे मला पहिल्यांदाच कळलं. ते आयलाही येत होतं. आम्ही दोघींनी तेच कारण धरून ठेवलं.

ऑगस्टच्या पत्रात तू लंडनच्या पावसाचं लिहिलं होतंस, आणि खोलीत एकट्याला स्वयंपाकाचा कंटाळा येतो असं. ते मी नंतर काढून वाचलं नाही. न वाचताच आठवतं.

तुझ्यावर रागवायचं मी खूप मनावर घेतलं. पण रागवायला बसले की आठवतो तो चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. गोळीबार झाला, ट्रॅम बंद, बस बंद, संचारबंदी लागली आणि तू मला फोर्टातल्या ऑफिसातून चालत फणसवाडीतल्या आमच्या घरापर्यंत आणलंस. तेव्हा आपण एकमेकांना धड ‘तू’सुद्धा म्हणत नव्हतो. धोबीतलावला शिपायाने अडवलं. ही कोण तुझी, म्हणून विचारलं. तू क्षणभरही न थांबता म्हणालास, “बायको.” तेव्हा मी नव्हते. ना चर्चमध्ये, ना रजिस्टरात, ना कोणाच्या मनात. तरी तू म्हणालास, आणि शिपायाला ते खरं वाटलं. मलाही तेव्हाच वाटलं असणार.

असो.

नाताळच्या दिवशी मिसनंतर नेहमीची मंडळी आली. तुझी सेसिलियामावशी आली, सेबॅस्टियन तिच्या मागे मान खाली घालून. यंदा पेपरमिंट थोडं होतं, म्हणून मी लहान पेले काढले होते. तुला माहीत आहे, पहिला पेला घरच्या बाईने भरायचा. आय खुर्चीत बसली आणि तिने पेपरमिंटचा जग माझ्या हातात दिला.

मावशीने ते पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाली, “विनी, ती कशाला भरते? सेबॅस्टियननं तुला सांगितलं नाय काय?”

मी पहिला पेला भरला.

“माज्या आर्थरचं लगीन जालं हाय,” आय म्हणाली. “तीन वर्सांवर जालीत. ह्या पोरीसंगती. ही माजी सून. दुसरं लगीन मना म्हाइत नाय. पेला घे, सेसिल.”

मावशीने पेला घेतला. एक घोट घेऊन म्हणाली, “साखर कमी जाली.” मग सगळे प्यायले.

तीन वर्षं मी त्या एका शब्दाची वाट पाहिली. तो चारचौघांत मिळाला, आणि त्याचा आनंद कसा करायचा ते मला कळेना. मी पेले विसळायच्या निमित्ताने आत गेले. सेबॅस्टियन मागून आला आणि म्हणाला, “वहिनी, मी सांगायला नको होतं काय?” मी म्हटलं, “सांगायला हवं होतं. त्याने, तू नव्हे.”

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र घेतलं, त्याकडे येते.

नव्या वर्षाच्या दिवशी आय सकाळीच म्हणाली, “तुज्या बापाला मी एकदापन भेटले नाय. आज जायाचं.”

मी नको म्हटलं. लग्नानंतर बाबांनी मला दार बंद केलं ते तू पाहिलंस. फणसवाडी इथून हाकेच्या अंतरावर, पण मी ऑफिसला जाताना लांबून वळसा घालून जाते, अजूनही. आई देवळात भेटते कधी, तेवढंच. पण आय ऐकेना. म्हणाली, “त्याची लेक माज्या घरात हाय. हाय का नाय ते त्याला मी सांगनार, दुसरं कोन सांगनार?” पेपरमिंटची एक लहान बाटली तिने आधीच बाजूला काढून ठेवली होती. चौकड्यांचं लुगडं नेसली, वर लग्नातली शाल. गुडघ्यांमुळे वाटेत दोनदा दुकानांच्या पायऱ्यांवर बसली. दुकानदारांनी विचारलं, “आंटी, पाणी देऊ?” तिने नको म्हटलं आणि मला म्हणाली, “पानी प्याले तर परत फिरेन.”

दार आईने उघडलं. ती मला बघून बाजूला झाली आणि माझं मनगट धरून उभी राहिली. बाबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. ते आता बारीक दिसतात, आर्थर. ‘आर्थरची आई’ म्हणून मी आयची ओळख करून दिली. मला वाटलं, ते पेपर वर धरतील. ते उठून उभे राहिले.

“बसा,” ते म्हणाले.

मग आयने रुमाल सोडून बाटली टेबलावर ठेवली. “नाताळचं हाय. तुमच्या लेकीनं केलंय. माज्या सुनेनं.”

बाबांनी बूच काढून वास घेतला. एकदा खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं. म्हणाले, “पेपरमिंटच्या आडोशाला बरंच काही दिसतंय यात.” आणि हसले. आईने दिवाळीतल्या चांदीच्या वाट्या काढल्या. बाबांनी सावकाश चव घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चांगलं झालंय.” त्यांनी माझ्या कशालाही चांगलं म्हटलं त्याला किती काळ लोटला असेल.

मग ते आयशी बोलायला लागले. मुंबई आता आपली होणार, नवं राज्य, नव्या कचेऱ्या, मराठी येणारी आणि इंग्रजीही येणारी माणसं लागणार. आय मान डोलवत होती. आणि एकाएकी ते माझ्याकडे वळले.

“जावयांना लिही,” ते म्हणाले. “म्हणावं, तिकडे परक्यांत किती दिवस राहणार? ज्यासाठी तुरुंगात गेलात ते होतंय, आणि तुम्हीच इथे नाही. मी तेव्हा त्यांना भेटायचं नाकारलं. ते मी चुकीचं केलं. म्हणावं, मी विचारलं.”

जावई. आर्थर, बाबांनी तुला जावई म्हटलं. तुझं नावसुद्धा कोणी त्या घरात घेत नसे.

आयने बोलायला तोंड उघडलं. तिचं काय ठरलं होतं ते मला ठाऊक होतं, सगळं सांगून मोकळं व्हायला ती आली होती. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

“कळवते, बाबा,” मी म्हटलं.

जिना उतरताना आय म्हणाली, “का थांबवलं मना?”

मी म्हटलं, “त्यांना कळेलच, आय. आजच नको.”

खाली आल्यावर तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. लोक बघत होते.

तर हे असं आहे. कायद्याने काय करता येतं ते मला ठाऊक आहे, सॉलिसिटरच्या कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाची मी मुलगी आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. ठरवेन तेव्हा ते तुला माझ्याकडून कळेल, तिसऱ्याच्या तोंडून नाही. ऑफिसातली नोकरी आहे, आणि मी इथेच राहते. आय जा म्हणाली नाही, आणि तिच्या गुडघ्यांकडे बघून मलाही जाववत नाही.

एक मात्र कर. तिला लिही. ती म्हणते, दुसरं लगीन मना म्हाइत नाय, आणि ते ती शेवटपर्यंत म्हणेल. पण काल ती पांढरी लोकर घेऊन आली आणि मला दिसू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे ठेवली. बाळ झालं की कळव. तिला अक्षरं लागत नाहीत, तेव्हा पत्र मीच वाचून दाखवणार. त्याचा संकोच धरून लिहायचं टाळू नकोस. मुलगा की मुलगी, वजन किती, नाव काय ठेवलं, सगळं लिही. मी वाचीन.

आणि बाबांनी तुला विचारलंय. कळवते म्हणाले होते, म्हणून कळवलं.

तुझ्या आयच्या घरून,
उर्मिला आर्थर मिरांडा